चित्रातला चेहरा सगळीच मुलं पाहतात, मग फरक दिसणार कसा?

दृष्टिक्षेप: ऑटिझमचं निदान नसलेली ६ ते ९ वर्षांची मुलं. पालकांकडून एक्यू-चाइल्ड (ऑटिझमसदृश लक्षणांची प्रश्नावली) भरून घेतलं, मग आय-ट्रॅकरवर (नजर टिपणारं यंत्र; ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० नोंदी; अंतर ६० सेमी) एकेका चेहऱ्याचे फोटो १० सेकंद दाखवले. ऑटिझमसदृश लक्षणांचे गुण आणि चेहऱ्यावरचा वेळ यांत काहीच संबंध निघत नाही. चूक कुठे असेल?

गोटी: फोटोंत. पडद्यावर चेहऱ्याशिवाय काहीच नसेल तर मूल बघणार तरी कुठे? ऑटिझम संशोधक क्लिन यांच्या गटाने २००२ मध्ये चित्रपटातले प्रसंग दाखवले होते, ते उगाच नाही. दोन-तीन माणसं बोलताहेत, शेजारी वस्तू आहेत, अशा छोट्या चित्रफिती घ्या. वस्तूंत आगगाडी, गाड्या असू द्या. स्पर्धा खरी हवी. मात्र माणूस आणि वस्तू यांचा आकार व उजेड सारखा ठेवा, डावी-उजवी बाजू आलटूनपालटून.

चौकट: भागाकारही तपासा. १० सेकंदांपैकी मुलाने पडदा ६ सेकंद पाहिला आणि त्यात चेहरा ३ सेकंद, तर उत्तर ३०% की ५०%? चुळबुळ्या मुलाचा पहिला आकडा आपोआप पडतो आणि ते चेहरा टाळतंय असं वाटतं. दोन्ही आकडे द्या.
शिवाय ६० सेमीवर १ अंश म्हणजे साधारण १ सेमी. नजर मोजायला डोळ्यांभोवती आखलेली चौकट २ सेमी उंच असेल, तर यंत्राच्या १ अंशाच्या चुकीने डोळ्यांच्या मधोमध असलेली नजर चौकटीच्या काठावर जाते. जराशी खाली असली की थेट नाकावर. मूल खुर्चीत घसरलं की हेच होतं. म्हणून सुरुवातीला कॅलिब्रेशन (यंत्राची मुलाच्या नजरेशी जुळणी) करून थांबू नका, मधेमधे ठरावीक जागी लहान चित्र दाखवून चूक मोजा.

दृष्टिक्षेप: मुलांचे जास्त गुण आणि कमी गुण असे दोन गट केलेत, मध्यकावर (क्रमाने मधोमध येणाऱ्या गुणावर). ते चालेल ना?

सरासरी: नको. एक्यू-चाइल्डमध्ये ५० प्रश्न, प्रत्येकी ० ते ३, एकूण १५०. चाळणीची रेषा ७६. तुमची बहुतेक मुलं तिच्या बरीच खाली दाटलेली असणार. मध्यकावर कापलं की १ गुणाच्या फरकाची दोन मुलं वेगळ्या गटांत जातात. गुण सलग ठेवा, वय आणि लिंग सांख्यिकी मॉडेलमध्ये घाला, जमल्यास अवधानाच्या अडचणी आणि चिंताही. नजर त्यांच्यामुळेही हलते. एकूण गुणांत ‘तपशिलाकडे लक्ष’ आणि सामाजिक प्रश्न एकत्र मिसळतात, ते वेगळे काढून पाहा. आणि ७६ ओलांडणाऱ्या मुलाच्या पालकांना आधी सांगा, की हे निदान नव्हे.

गोटी: चित्रफितींत बोलणाऱ्याकडे नजर किती उशिरा वळते तेही काढा. ६० हर्ट्झवर एक नोंद सुमारे १७ मिलिसेकंदांची, त्याहून बारीक फरक त्या यंत्रावर दाखवू नका.