‘दोषसिद्धी’, ‘त्रुटी’, ‘विचारण’: खुनाच्या अपिलातले शब्द

प्रश्न (रामबाग, इंदूर)
जन्मठेपेविरुद्ध इंदूर खंडपीठात अपील करण्याबद्दल घरच्या माणसांना समजेल असे मराठी टिपण करायचे आहे. हिंदी निकालातले ‘दोषसिद्धि’, ‘त्रुटि’ आणि ‘विचारण न्यायालय’ हे शब्द तसेच ठेवले तर चालतील का? शिवाय, ‘अपील केली’ की ‘अपील केले’?

लोकमान्यनगर
अपील मराठीत नपुंसकलिंगी: ते अपील, अपील केले, अपिलात म्हटले. ‘अपील केली’ हे हिंदीचे वळण. इंदुरात कानाला सवय झाली असली तरी लिहिताना टाळावे.

‘विचारण न्यायालय’ मुळीच नको. मराठीत विचारणा म्हणजे नुसती चौकशी. कायद्याच्या मराठी पाठात ‘संपरीक्षा’ आहे, पण घरच्यांसाठी ‘खटला चालवणारे सत्र न्यायालय’ हेच बरे. ‘प्रतिपरीक्षण’ म्हणजे उलटतपासणी, ‘पक्षद्रोही साक्षी’ म्हणजे फितूर साक्षीदार, ‘वकालतनामा’ म्हणजे वकीलपत्र.

‘दोषसिद्धी’ मात्र ठेवाच, आणि ‘शिक्षे’पासून वेगळी ठेवा. आरोपी आधी दोषी ठरतो, मग शिक्षेवर त्याचे म्हणणे ऐकून शिक्षा सुनावतात. म्हणून मागणीत ‘दोषसिद्धी व शिक्षा दोन्ही रद्द करून निर्दोष मुक्त करावे’ असे लिहावे. पर्यायी मागणी म्हणून ‘खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरवावा’ हेही जोडता येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाच्या कायद्याच्या) कलम ४३० खाली शिक्षा निलंबित होऊन जामीन मिळाला की घरचे म्हणतात, ‘सुटला’. तो सुटलेला नसतो. शिक्षेची अंमलबजावणी अपिलाचा निकाल लागेपर्यंत थांबते, दोष तसाच राहतो. हे टिपणात ठळक लिहा, या एका गैरसमजाने पुढे फार मनस्ताप होतो.

राजेंद्रनगर
‘त्रुटी’ फार मवाळ शब्द आहे. कोणती चूक, हे सांगितल्याशिवाय अपिलाला धार येत नाही. न्यायालयाने ठेवलेल्या दोषारोपातली चूक, कामकाजातली अनियमितता आणि पुराव्याचे चुकीचे मूल्यमापन या तिन्हींची वाट वेगळी. पहिल्या दोन्हींत (त्याच संहितेची कलमे ५१० व ५११) नुसती चूक दाखवून भागत नाही, त्यामुळे न्यायहानी झाली हे दाखवावे लागते. ती हरकत खालच्या न्यायालयात वेळेवर घेता आली असती का, हेही अनियमिततेच्या बाबतीत पाहतात.

एक उदाहरण घ्या. ‘न्यायालयाने पुरावा नीट पाहिला नाही’ या वाक्याने काही साधत नाही. त्याऐवजी: ‘कुऱ्हाडीवरील रक्ताच्या अहवालावर निकालाच्या अमुक परिच्छेदात भिस्त ठेवली आहे, परंतु कलम ३५१ खालील आरोपीच्या जबाबात त्यावर एकही प्रश्न नाही, म्हणून त्याला खुलाशाची संधी मिळाली नाही.’ या जबाबात न्यायालय आरोपीला त्याच्याविरुद्धच्या पुराव्याबद्दल विचारते. परिच्छेद आणि प्रश्नांचे क्रमांक द्यायचेच. तरीही यावरच विसंबू नका. उच्च न्यायालय तो खुलासा अपिलातही मागू शकते, म्हणून त्याचे नुकसान काय झाले हे पुढच्याच वाक्यात यायला हवे.

‘विसंगती’बद्दलही तसेच. साक्षीदाराने पोलिसांकडे वेगळे सांगितले होते, एवढे पुरत नाही. उलटतपासणीत जबाबातला तो नेमका भाग त्याला दाखवावा लागतो. त्याने नाकारला, तर तपास अधिकाऱ्याच्या साक्षीतून सिद्ध करून घ्यावा लागतो. ही दुसरी पायरी बऱ्याचदा राहून जाते. मग फरक कागदावर डोळ्यांना दिसतो, पण पुराव्यात नसतो.

लोकमान्यनगर
हिंदीतल्या ‘परिसीमा’ला आपला शब्द मुदत. उच्च न्यायालयातल्या अपिलाला ६० दिवस, फाशीच्या शिक्षेत ३०. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळतात, म्हणून नकलेवरची अर्जाची आणि तयार झाल्याची तारीख तपासा. आरोपीला निकालाची एक प्रत विनामूल्य मिळते, आणि तो तुरुंगात असेल तर तिथल्या अधिकाऱ्यामार्फतही अपील देता येते.

सुदामानगर
आणखी एक गोंधळ: हिंदी वर्तमानपत्रे दोन न्यायाधीशांच्या पीठाला ‘युगलपीठ’ म्हणतात आणि ‘खंडपीठ’ म्हणजे इंदूरचे न्यायालय. मराठीत खंडपीठ दोन्ही अर्थांनी चालते. टिपणात ‘दोन न्यायाधीशांसमोर’ असे सरळ लिहा. आणि गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असेल तर खुनासाठी जुन्या दंड संहितेचे कलम ३०२ च लिहायचे, नव्या भारतीय न्याय संहितेचे १०३ नव्हे.

प्रश्न (रामबाग)
मग सुरुवात अशी करतो: ‘सत्र न्यायालयाने दिलेल्या दोषसिद्धी व जन्मठेपेविरुद्ध हे अपील आहे. निकालातील चुकांमुळे न्यायाची हानी कशी झाली ते पुढे परिच्छेदवार दिले आहे.’

राजेंद्रनगर
छान. फक्त ‘निकालातील’ ऐवजी ‘खटल्यातील व निकालातील’ करा. जबाबात न विचारलेला प्रश्न ही निकालाच्या आधीची चूक आहे.