उन्हाळी मिरची: लागणीनंतर क्रॉप कव्हर की आधीच कणखर रोप?

बांधावरचा: आमच्या भोकरदन (जि. जालना) पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये मिरचीची लागण होते. हल्ली लागण उरकली की लगेच बेडवर पांढरं क्रॉप कव्हर, म्हणजे रोपं झाकायचं पातळ कापड, ताणतात. मला हे पटत नाही. शेडनेटखाली ३५ दिवस लाडात वाढलेलं रोप एकदम उन्हात आणायचं आणि मग कापडाने वाचवायचं? त्यापेक्षा लागणीआधी ८-१० दिवस रोपांचे ट्रे नेटबाहेर काढा. आधी सकाळचं दोन तास ऊन, मग रोज थोडं वाढवत न्या, पाणी कमी करा. दांडा बोटात धरून बघा, पाणीदार कोवळेपणा जाऊन तो टणक लागतो. असं रोप संध्याकाळी लावलं तर दुसऱ्या दुपारी मान टाकत नाही.

काळीमाती: दादा, दांडा टणक झाला म्हणून पांढरी माशी बसायची थांबते का? प्रश्न उन्हाचा नाही, बोकड्याचा, म्हणजे पानं आकसणाऱ्या विषाणूरोगाचा आहे. विषाणू माशीच्या सोंडेतून येतो आणि एकदा पानं आकसून झाड बुटकं राहिलं की त्यावर औषध नाही, उपटायचंच. पहिल्या महिन्यात रोग लागलेल्या झाडाचा तोडा हाती येत नाही. मी गेल्या वर्षी निम्म्या वावरावर कव्हर टाकलं होतं. उघड्या निम्म्यात तीनदा तुटाळ्या भरल्या (गेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली), तरी बेड विरळच राहिले. कव्हरच्या कडा मात्र मातीने पक्क्या दाबा, आणि फुलं दिसली की कापड काढा.

ठिबकवाला: दोघांच्याही बोलण्यात मल्चिंगचं, म्हणजे बेडवर अंथरलेल्या प्लास्टिक कागदाचं, भोक राहिलं. रोप तिरकं लागलं आणि दांडा कागदाच्या काठाला टेकला, की दुपारी तिथेच चटका बसतो. नीट बघा, जमिनीलगत तपकिरी कडं दिसतं. लोक मर रोग समजून बुरशीनाशकाचं ड्रेंचिंग (मुळाशी ओतणं) करत बसतात! भोक मोठं पाडा, रोप मधोमध लावा. कव्हरखाली हवा आणखी तापते, तेव्हा ही चूक जास्त महागात पडते.

बांधावरचा: ताई, बोकड्याचं मान्य. पण माशी नर्सरीतच बसून गेली असेल तर कापड काय करणार? उलट रोगट रोप आणि माशी दोन्ही आत कोंडली जातात. मी ट्रे घेताना पानं उलटी करून बघतो, एक माशी उडाली तरी ट्रे परत करतो. लागणीआधी कडेने मक्याच्या दोन ओळी पेरतो.

काळीमाती: ट्रे परत करायचं सोळा आणे खरं. पण मका आडोसा होण्याइतका वाढेपर्यंत शेजारच्या जुन्या वांग्यावरची माशी येतेच. तेवढे दिवस माझं कव्हर निघणार नाही.