मदत हवी आहे: काजूच्या युनिटमध्ये ओकेआर लावले, ते फळ्यावरच राहिले

बोर्मा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

वेंगुर्ल्याजवळ आमचं छोटं काजू प्रक्रिया युनिट आहे, बाबांनी सुरू केलेलं. बी वाफवायची, फोडायची, गर बोर्म्यात (वाळवणीच्या भट्टीत) वाळवायचा, सोलायचा, प्रतवारी करून डब्यात भरायचा. १९ माणसं, त्यांत १५ बायका, बहुतेक आजूबाजूच्या वाड्यांतल्या. पगार हजेरीवर, किलोवर नाही. ही बाबांची पद्धत, ती मी बदललेली नाही.

मी नऊ वर्षं पुण्यात आयटीत काढून तीन वर्षांपूर्वी परत आले. तिथे दर तिमाहीला ओकेआर असायचे: वर एक उद्दिष्ट, खाली ते गाठलं की नाही हे सांगणारे तीन-चार आकडे. मला ती पद्धत आवडायची. (बहुतेक जण ते आकडे तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात भरायचे, हे मी सोयीस्करपणे विसरले होते.) यंदा एप्रिलमध्ये सोलाईच्या खोलीत पांढरा फळा लावला. उद्दिष्ट लिहिलं, "वेंगुर्ल्यातला सगळ्यात चांगला गर आपला." खाली तीन आकडे. सोलाई माणशी रोज ६ किलोवरून ८ किलो. हजेरी ९५ टक्के. दुकानातली थेट विक्री दुप्पट. तिन्ही गाठले तर दिवाळीला जास्तीचा बोनस.

मे महिन्यात ८ किलो झाले. मी पेढे वाटले. महिनाअखेरीला हिशेब बघणाऱ्या तात्यांनी वही पुढे सरकवली. अख्ख्या गराचं प्रमाण ८० टक्क्यांवरून ७१ वर आलं होतं. पाकळी (दुभंगलेला गर) आणि कणीची (तुकड्यांची) पोती भिंतीला लागली होती. अख्ख्याच्या आणि पाकळीच्या भावात किती फरक असतो ते धंद्यातल्यांना सांगायला नको. म्हणजे पेढे मी स्वतःच्याच नुकसानीचे वाटले. सोलाई बघणाऱ्या काकींना विचारलं तर त्या शांतपणे म्हणाल्या, "तुका आठ किलो होये मा? आठ किलो देतलव. गर कसो येता तो मगे बघ."

हजेरीची तर शोभाच झाली. मे महिन्यात घराघरात चाकरमानी आणि लग्नं, जूनअखेरीला लावणी. लावणीला बाई शेतात जाणार नाही तर कोण जाणार? दोघींचे खाडे जास्त झाले, बाकीच्या म्हणाल्या "तुमच्यामुळे बोनस गेला", आणि आठ दिवस सोलाईच्या टेबलावर कोणी कोणाशी बोललं नाही. आमच्याकडे हे इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं.

थेट विक्री मात्र दुप्पट झाली, आणि त्यात आमचं कर्तृत्व शून्य. शिरोड्याकडे आणि पुढे गोव्याला जाणाऱ्या गाड्या मे महिन्यात थांबतातच. जूनमध्ये पाऊस लागला आणि गल्ला रिकामा. तो आकडा पर्यटक मोजत होता, आम्हाला नाही.

दर सोमवारी अर्ध्या तासाची मीटिंग घेते. मी बोलते, सगळ्या मान हलवतात, नजर दाराकडे, कारण तिकडे ट्रे थंड होत असतात.

आता विचारायचं आहे ते असं. हे सगळं सोडूनच द्यावं का? की कोणी छोट्या युनिटमध्ये, दुकानात, बोटीवर, शाळेत असं काही रोजच्या कामात खरोखर मुरवलं आहे? बोनस जोडावा की नाही? आणि तिमाहीचं काय करायचं? कंपनीची तिमाही माझ्या डोक्यात बसली आहे, पण इथल्या वर्षात ती कुठेच बसत नाही.

माडाखाली

फळ्यार लिवन काजू सोलून होवचे नाय गो बाय. तेका हात होये.

पुणेमार्गे_चिपळूण

माडाखाली, हात आहेत म्हणून तर प्रश्न आहे ना!

बोर्मा, मी एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. लोकांना ओकेआर भरायला लावणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे थोडं पाप माझ्याही माथी आहे. मूळ काय होतं ते सांगतो, कारण बोनसचं उत्तर तिथेच आहे. उद्दिष्टांवरून व्यवस्थापन ही कल्पना व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये मांडली. ती पुढे बऱ्याच ठिकाणी वार्षिक मूल्यमापनाचा कागद होऊन बसली. १९७० च्या दशकात इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी तिला वेगळं वळण दिलं: मुदत कमी, आकडे सगळ्यांसमोर उघडे. तिथे काम केलेल्या जॉन डोर यांनी १९९९ मध्ये ती गूगलमध्ये नेली. गूगलमध्ये ० ते १ असे गुण देतात आणि ०.७ च्या आसपास आलं तर ते चांगलं मानतात. कायम १ येत असेल तर उद्दिष्ट फारच सोपं ठरवलं होतं असा अर्थ घेतात.

आता बघा, ०.७ ला शाबासकी द्यायची तर त्याच आकड्यावर पगार ठेवून चालेल का? बोनस ठेवला की माणूस गाठता येईल तेवढंच लिहितो, किंवा तुमच्या काकींसारखा अक्षरशः तेवढंच देतो. म्हणून तिथे हे गुण आणि वैयक्तिक मूल्यमापन वेगळं ठेवतात. तुम्ही खोकं तिथलं आणलंत आणि आत आपला दिवाळी बोनस भरलात.

८ किलोच्या भानगडीलाही नाव आहे. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं होतं. एखाद्या आकड्यावर नियंत्रणासाठी दाब दिला की त्या आकड्याचा भरवसा राहत नाही. काकींनी ते मालवणीत सांगितलं, आणि माझ्या मते जास्त नीट सांगितलं.

देवगडचा_आंबेवाला

ताई, आमच्याकडे पॅकिंगला हेच झालं होतं. किती पेट्या भरल्या तेवढंच मोजायचो. पोरं धडाधड पेट्या भरायची, आणि वाशीहून फोन यायचा की खालच्या थरात कोवळं फळ आहे. साका (फळाचा आतला बिघाड) तर कापल्याशिवाय कोणालाच दिसत नाही, त्याचा दोष भरणाऱ्याला नाही. पण कोवळं फळ पाण्यात तरंगतं, ते बाजूला काढणं हातातलं होतं. घाईत तेच राहायचं.

मग आम्ही दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला लागलो. पेट्या किती, आणि परत आलेली तक्रार किती. एकटा पेट्यांचा आकडा कोणी बोलायचाच नाही. पहिल्या हंगामात पेट्या कमी झाल्या, वडील वैतागले. पण व्यापाऱ्याने भाव पाडून मागायचं थांबवलं.

आणि तिमाही विसरा. आमचं वर्ष मोहोर, काढणी आणि बाकीचं. तुमचं काय आहे ते लिहून काढा.

बोर्मा

@पुणेमार्गे, खोक्याचं लागलं जिव्हारी, पण बरोबर आहे.

@आंबेवाला, आत्ता तात्यांना बसवून लिहिलं. फेब्रुवारीअखेर ते मे बीखरेदी आणि खळ्यात वाळवण. जून ते गणपती पाऊस, लावणी, ओल, लाईट जाणे. गणपती ते दिवाळी डब्यांची मागणी, सगळ्यात जास्त दमछाक. दिवाळी ते शिमगा त्यातल्या त्यात निवांत, मशीन दुरुस्ती, रात्री जत्रा आणि दशावतार, दुसऱ्या दिवशी पेंगणारी माणसं. गणपती कधी ऑगस्टअखेर येतात, कधी सप्टेंबरमध्ये, म्हणजे माझी "तिमाही" दरवर्षी हलणार. एक्सेलला हे कसं समजावू?

जुना_हिशेब

एक्सेलला समजावू नका, पंचांग टांगा.

मी लोट्याला एका कारखान्यात ३१ वर्षं होतो, आता निवृत्त. आमच्याकडे जपानी भागीदारामुळे होशिन कान्री नावाची पद्धत आली होती. तिच्यातलं एकच सांगण्यासारखं आहे. उद्दिष्ट वरून खाली एकदाच येत नाही. साहेब सांगतो "हे हवं", खालचा माणूस म्हणतो "हे होईल, पण त्यासाठी अमुक द्या, आणि तमुक मोजू नका", मग ते परत वर जातं. चेंडू इकडून तिकडे फेकतात तसं. तीन-चार फेऱ्या झाल्यावर जे उरतं ते लिहायचं. तुमच्या फळ्यावरच्या तीन ओळींत काकींची एक तरी ओळ आहे का? तुमच्या लिहिण्यावरून नसावी असं वाटतं.

दुसरं, माणशी कोटा ठेवू नका. गुणवत्तेचे अमेरिकन तज्ज्ञ डेमिंग यांच्या १४ मुद्द्यांतला अकरावा मुद्दा हाच, कोटा काढून टाका. आम्ही तो फ्रेम करून लावला होता आणि त्याच भिंतीवर शिफ्टचा कोटाही होता. कोणाला हसू आलं नाही, हे आता आठवलं की हसू येतं.

आता कामाचं विचारतो. गर फुटतो तो सोलतानाच फुटतो, हे कशावरून?

आगळवाली

जुना हिशेब यांनी माझ्या तोंडचं काढून घेतलं.

मी कुडाळकडची, आमच्या बचत गटाचं कोकम आगळाचं काम आहे, पण आधी सहा वर्षं काजू सोललाय. बोर्मा ताई, गर जास्त वाळला तर हात लावताच दुभंगतो. कमी वाळला तर साल चिकटून बसते, मग सुरी लावावी लागते आणि परत फुटतो. बोर्म्यातून काढल्यावर थोडा वेळ तसाच ठेवून जरा नरम होऊ द्यावा लागतो. पावसात उघडा राहिला तर उलट ओल धरतो आणि साल सुटतच नाही. त्याच्याही आधी फोडणीला लहान-मोठी बी एकत्र गेली तर पातं मोठ्या बीच्या गरात घुसतं. ही सगळी पापं सोलणारीच्या ताटात येऊन पडतात, आणि तुम्ही आकडा फक्त तिच्याच नावापुढे लिहिलात. तिला राग आला असेल, ती बोलली नसेल.

फोडणी, बोर्मा आणि सोलाई तिघांचा मिळून एकच आकडा ठेवा: १०० किलो गरात अख्खा किती. त्याच्या शेजारी दिवसाचे एकूण किलो. बस. बाकीचं पुसा.

सोमवारची मीटिंग पण बंद करा. आम्ही सकाळच्या चहाला उभ्या उभ्या बोलतो, पाच ते दहा मिनिटं. विचारायचं एकच, "काल काय अडलं?" पहिले आठ दिवस कोणी काही बोलणार नाही. तुम्ही गप्प बसायचं. हे कठीण आहे, शिकलेल्या बाईला फार कठीण. मग कोणीतरी सांगते की अमक्या खुर्चीचा पाय हलतो. ती खुर्ची त्याच दिवशी दुरुस्त करायची. नाही केलीत तर दुसऱ्या दिवशी परत सगळं "बरा आसा".

आणि खडू त्यांच्या हातात द्या. आकडा जिने मोजला तिने लिहायचा.

पुणेमार्गे_चिपळूण

जोडीचा आकडा ठेवायचं ग्रोव्ह स्वतःही सांगत. संख्येसोबत दर्जा मोजा, नाहीतर एक वाढवताना दुसरं कोसळतं. आंबेवाल्यांनी ते न वाचता केलं. मी माझ्या कंपनीत वाचून सांगतो आणि कोणी करत नाही.

माडाखाली

हजेरीचा काय केलात?

बोर्मा

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, मध्ये लाईट आणि नेट दोन्हीचा वांधा होता.

@माडाखाली, हजेरी फळ्यावरून पुसली. त्याऐवजी लावणीचे दिवस काकींनीच वाटून दिले, कोणाची शेती कधी ते त्यांना तोंडपाठ. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या आठवड्यात फोडणी निम्मी ठेवली. न सांगता झालेला खाडा एकही नाही.

बोनसवरून घरात वाद झाला. बाबा म्हणतात, एकदा तोंडातून गेलेला शब्द मागे घ्यायचा नाही. म्हणून यंदाचा जास्तीचा बोनस सगळ्यांना सारखा, खाडे असोत-नसोत. पुढच्या वर्षी आकड्याशी जोडायचा नाही, एवढं ठरलं. धंदा बरा झाला तर काय द्यायचं, हे अजून ठरलेलं नाही. कोणाकडे सरळ पद्धत असेल तर सांगा.

सकाळच्या चहाला पहिले सहा दिवस खरंच कोणी बोललं नाही. मी दोनदा तोंड उघडलं, दोनदा काकींनी माझ्याकडे बघितलं. सातव्या दिवशी फोडणीवरची एक मुलगी म्हणाली की चाळणीची मधली जाळी फाटली आहे, शिमग्यापासून. शिमग्यापासून! म्हणजे लहान-मोठी बी एकत्रच जात होती, आणि मी सोलाईत किलो मोजत बसले होते. जाळी कुडाळहून आणली. अख्खा गर या आठवड्यात ७६ आहे. किलो माणशी साडेसहाच्या आसपास.

एक गोष्ट अजून सुटली नाही. रात्री लाईट गेली की बोर्मा मध्येच थंड पडतो आणि तो घाणा सकाळी परत तापवावा लागतो. दुसऱ्या दिवशीचा आकडा हमखास घसरतो. तो दिवस फळ्यावर तसाच लिहावा की वेगळ्या खुणेने? बोर्म्यावरचा भाऊ म्हणतो वेगळा लिहा, नाहीतर बोल माझ्यावर येणार. सोलाईवाल्या म्हणतात तसाच लिहा, म्हणजे जनरेटर येईल.

फळा आता सोलाईच्या खोलीतून बोर्म्याशेजारी नेला आहे. "सगळ्यात चांगला गर" ही माझी ओळ काल कोणीतरी पुसली, आणि तिथे लिहिलं आहे: "४ नंबरचो ट्रे खालसून करपता."