ऊन सोसत नाही त्यांनी इथे लिहा

मार्च अर्धा सरला की माझ्या डाव्या डोळ्यापुढे धुकं धरू लागतं. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. सकाळची शाळा असली तरी साडेदहानंतर टिनाखालचा वर्ग तापतो. मग फळ्यावरची माझीच अक्षरं पुसट होतात आणि डावा पाय ओढत चालावं लागतं. घरी येऊन डोक्यावर पाणी घेतलं, ओला टॉवेल मानेला गुंडाळून बसलं की तासाभरात नजर परत येते. मला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे. यात नसांवरचं वेष्टन झिजतं, आणि अंग जरासं तापलं तरी अशा नसांमधून संदेश नीट जात नाहीत. हे कळायला मला सहा उन्हाळे लागले. तोवर "आमी नाई का राबलो उनात?" एवढंच ऐकत आले.

नवतपा लागायच्या आधीच आपल्याकडे पारा 45च्या घरात असतो. आजारामुळे, औषधामुळे, वयामुळे किंवा एकदा ऊन लागून गेल्यामुळे ज्यांना तो इतरांपेक्षा जास्त बाधतो, त्यांनी लिहा. पन्हं आणि खिशातला कांदा सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या अंगात नेमकं काय होतं ते सांगा. नावगाव नको, जिल्हा पुरे.

यवतमाळ जिल्हा

माझ्या मुलाला घाम येत नाही. हे एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, म्हणून आधी तेच लिहिते.

तान्हा होता तेव्हापासून एप्रिल लागला की ताप. मलेरिया तपासला, टायफॉईड तपासला, काही निघालं नाही. तापाचं औषध पाजलं तरी उतरायचा नाही. रात्री अंगणात खाटेवर घेऊन निजलं की पहाटेपर्यंत आपोआप उतरायचा, आणि दुपारी पुन्हा अंग तव्यासारखं. सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. मी मिरच्याही ओवाळल्या, खोटं कशाला सांगू.

दीड वर्षाचा झाला तरी दात नव्हते. आले ते दोनच, सुळ्यासारखे टोकदार. केस विरळ. जिल्ह्याच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याचे दात पाहिले, तळहात चोळून पाहिले आणि मला विचारलं, "तुमच्या माहेरी कोणी असं आहे का?" माझा थोरला मामा! सगळा उन्हाळा तो नदीच्या डोहात बसून काढायचा. लोक त्याला आळशी म्हणायचे. त्याच्या तोंडात चारच दात होते. मामा जाऊन दहा वर्षं झाली, पण त्या दिवशी मी त्याच्यासाठी रडले.

या आजाराला एक्टोडर्मल डिस्प्लेसिया म्हणतात. घामाच्या ग्रंथीच नसतात किंवा फार थोड्या असतात. बहुतेक वेळा दोष आईकडून येतो आणि भोगतो मुलगा. बरं करणारं औषध नाही. आता त्याचा घाम मीच बाहेरून लावते: सुती बनियन पाण्यात पिळून अंगात, वाळलं की पुन्हा. दप्तरात पाण्याची जास्तीची बाटली असते, पिण्याची वेगळी. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात याचं मला जेवढं बरं वाटतं तेवढं कोणाला वाटत नसेल. गुरुजींनी त्याला दाराजवळ बसवलंय आणि मधेच उठून शर्ट भिजवून यायला मोकळीक दिलीय.

गडचिरोली जिल्हा

मला आजार नाही, पण पोटात सहा महिन्यांचं बाळ असताना तेंदूपत्ता तोडला. पहाटे 4 वाजता जंगलात, 10पर्यंत घरी, मग 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथे, न्यायचे. हंगाम जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा, एक दिवस बुडाला की तेवढे पैसे गेले. एका दुपारी पुडे बांधताना डोळ्यांपुढे काळोख आला, पोट दगडासारखं कडक झालं. आशाताईनं ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घोळून घोट घोट पाजलं आणि दवाखान्यात नेलं. बाळ चांगलं आहे. पोटुशी बाईच्या अंगात मुळातच जास्त उष्णता तयार होते, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

बुलढाणा जिल्हा

मी लिथियमच्या गोळ्या घेतो, मनाच्या आजारासाठी. घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालं की या औषधाचं रक्तातलं प्रमाण चढतं. मला हात थरथरण्यावरून कळतं, नंतर उलट्या. डॉक्टर उन्हाळ्यात रक्त तपासायला बोलावतात. गोळी मनानं बंद करू नका, मीठही मनानं तोडू नका. लघवीच्या आणि बीपीच्या काही गोळ्यांनीही ऊन जास्त बाधतं, तेव्हा आपल्या डॉक्टरांना फेब्रुवारीतच विचारून ठेवा.

चंद्रपूर जिल्हा

दोन वर्षांपूर्वी विहिरीच्या खोदकामावर भावाला ऊन लागलं. आधी चिडचिड करू लागला, मग बरळायला लागला, मला ओळखेना. ठेकेदार म्हणाला, सावलीत निजवा, चहा पाजा. शुद्ध हरपत असलेल्या माणसाला काहीच पाजू नये, ते श्वासात जातं, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. नशिबानं त्यानं घोट घेतलाच नाही. एका म्हाताऱ्या गड्यानं त्याचे कपडे काढून बादल्या ओतल्या, गोणपाट ओलं करून वारा घातला, आणि मी 108 लावला. गाडी यायला पाऊण तास लागला. डॉक्टर म्हणाले, ते पाणी ओतलं म्हणून वाचला. आता तो 38 अंशालाही भोवंडतो. घरचे त्याला भित्रा म्हणतात, तेव्हा मी भांडतो.

अकोला जिल्हा

आईला इन्सुलिन लागतं आणि दुपारी लाइट नसते. आम्ही कुपी डब्यात घालून कोऱ्या मडक्यात ठेवतो, मडकं ओल्या वाळूत. कोरडी हवा असेतोवर छान काम देतं. मृगाचं पाणी पडलं, हवा दमट झाली की मडकंही थंड होत नाही आणि कूलरही नुसता उकाडा फेकतो. आईला तेच दिवस सगळ्यात जड जातात.

भंडारा जिल्हा

यवतमाळच्या ताईंना विचारायचं होतं. माझ्या बहिणीचा मुलगा अकरा महिन्यांचा आहे. दात नाहीत, केस विरळ, आणि गेल्या महिन्यापासून ताप येतोय-जातोय. कोणाला दाखवायचं?

यवतमाळ जिल्हा

मेडिकल कॉलेजात बालरोग किंवा त्वचारोग विभागात न्या, आणि त्याला घाम दिसत नाही हे आपणहून सांगा, कारण ते कोणी विचारत नाही. ताप दुसऱ्या कशाचाही असू शकतो, म्हणून तपासण्या टाळू नका. तोवर दुपारी बनियन ओलं ठेवा. आणि ताई, बहिणीच्या सासरचं नाही, तुमच्या आईच्या बाजूचं विचारा. मामा, आजीचे भाऊ, सगळे.