कोकणातले देवचार, आसरा, मुंजा घेऊन मुलांसाठी फँटसी कादंबरी लिहितेय, थोडी मदत हवी

शेवंती_०७
नमस्कार मंडळी. माझी भाची सातवीत आहे, वाचनाचं प्रचंड वेड. ग्रीक आणि नॉर्स देवांच्या पोरांवरच्या इंग्रजी सिरीज तिने एकामागून एक संपवल्यात, आणि परवा विचारत होती की आत्या, आपली भुतं असलेलं असं जाडजूड पुस्तक मराठीत का नाही गं. आता भुताच्या गोष्टी आपल्याकडे ढीगभर आहेत, पण त्या एकतर मोठ्यांसाठी नाहीतर चार-पाच पानांत संपणाऱ्या. दहा ते तेरा वयाच्या मुलाला आठवडाभर त्याच जगात राहता येईल असं मला तरी फार सापडलं नाही. म्हणून मीच लिहायला घेतलंय, सिंधुदुर्गातलं एक गाव आणि बारा वर्षांची मुलगी. अडतंय ते असं, की आरवलीचा ग्रामदेव वेतोबा, गावाची राखण करणारा देवचार, पाण्यातल्या सात देवता म्हणजे साती आसरा, यांना लोक आजही नारळ ठेवतात, ओटी भरतात. मग त्यांना कादंबरीत पात्र म्हणून आणायचं कसं? आणि भीती किती ठेवायची? मालवणी संवाद टाकले तर नागपूरच्या मुलाला झेपतील का?

वेंगुर्लेकर
ताई आधी मनापासून शुभेच्छा, हे कोणीतरी करायलाच हवं होतं. आमचं गाव आरवलीपासून जवळ, त्यामुळे वेतोबाबद्दल सांगतो. नवस फेडायला लोक केळ्यांचा घड देतात आणि चामड्याच्या चपला, चांगल्या भल्यामोठ्या, कारण वेतोबा रातचो गावभर फिरता अशी श्रद्धा आणि फिरून फिरून तळवे झिजतात असं सांगतात. लहानपणी आम्ही पोरं देवळात जाऊन त्या चपला उलट्या करून तळवे बघायचो, कुठे झिजलाय, कुठे चिखल लागलाय का. तुमच्या बारा वर्षांच्या मुलीला हेच करू द्या ना. देव समोर येऊन बोलायची गरजच नाही, नवी चपल सकाळी झिजलेली दिसली आणि तळव्याला गावात कुठेच नसलेली लाल माती लागलेली असली की पुढची शंभर पानं तिथूनच निघतील. आमच्याकडे देवचार, राखणदार दिसत नसतात, ते आहेत हे कळतं. तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो म्हणतात, आणि वर्षाचं त्याचं देणं चुकलं तर रागावतो. त्याला तलवार घेऊन लढणारा सुपरहिरो करू नका एवढंच कळकळीचं सांगणं, बाकी गावातलं कोणी दुखावणार नाही, उलट खूश होतील.

आणि गावपळण वापरा!! मालवण तालुक्यात आचऱ्याला दर तीन-चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन अख्खं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं, गुरं, कोंबड्या, कुत्री सगळं घेऊन. माळावर राहुट्या, रात्री भजनं, फुगड्या, पोरांची नुसती धमाल. मग परत कौल मिळाला की घरी. त्या तीन रात्री गावात माणूस नाही. तुमची मुलगी मांजर शोधायला वेस ओलांडून आत गेली तर? इतकी तयार सुरुवात दुसरीकडे कुठे मिळणार सांगा.

पाचाउत्तरी
वरच्यांशी सहमत, फक्त थोडं वेगळं सांगते. मी शाळेत लायब्ररी बघते आणि मुलांना नुसती भुतांची यादी आवडत नाही हे रोज दिसतं, त्यांना नियम लागतात. आणि नियम आपल्या कहाण्यांत ठासून भरलेत, उतू नको मातू नको घेतला वसा टाकू नको, म्हणजे शक्ती मिळेल पण वसा मोडला की गेलीच.

नागपंचमीची कहाणी घ्या. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिल्लं मरतात, ती चिडून अख्ख्या घराला दंश करते, मग परगावी दिलेल्या लेकीलाही मारायला निघते. तिथे पोचते तर लेक पाटावर नाग काढून दूध-लाह्या ठेवून पूजा करतेय. नागीण शांत होते, अमृत देते, माहेरची माणसं जिवंत होतात. यात व्हिलन कोण? पिल्लं मेलेली आई बरोबरच आहे आणि शेतकऱ्यानेही मुद्दाम केलेलं नाही. मी पाचवीला ही वाचून दाखवते तेव्हा अर्धा वर्ग नागिणीच्या बाजूने भांडतो. तुमच्या गोष्टीत असं भांडण होऊ द्या, मग भीती किती ठेवायची हा प्रश्न बराचसा सुटतो, कारण मुलं घाबरतात पण पुस्तक सोडत नाहीत.

साती आसरांबद्दल, त्यांची जुनी नावं बघा, मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी वगैरे. मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर. सात बहिणी आणि प्रत्येकीचं पाण्यातलं वेगळं रूप, यावर तर एकेक प्रकरण होईल. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे काढलेली पुस्तकं जुन्या वाचनालयात मिळाली तर नक्की चाळा, दुर्गाबाई भागवतांचंही लिखाण वाचा.

रानवाटा
एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंज व्हायच्या आत गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. अळवंतीण म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई. ही भुतं म्हणजे अर्धवट आयुष्य राहिलेली माणसं आहेत हो, आणि त्यातली बाई तर जिवंतपणी सोसून वर मेल्यावर गावाची वैरीण ठरली. आजवर तिला नुसती उलट्या पायांची, केस सोडलेली दाखवत आलेत. तुमच्या मुलीने तिला तुझं नाव काय होतं एवढं विचारलं तरी मला ते पुस्तक माझ्या पोरीच्या हातात द्यायला आवडेल. मुंजा तर तिच्याच वयाचा, त्यांची दोस्ती का होऊ नये? शेवटी जादूटोणावाला भगत बोलवून त्यांना बाटलीत बंद करायचा शेवट मात्र प्लीज नको.

मालवणी बिनधास्त ठेवा. आजी, गुराखी, देवळातला गुरव मालवणीत बोलू देत, निवेदन साध्या मराठीत. मुलं संदर्भाने पकडतात, शेवटी शब्दार्थांचं पान नको, अभ्यासाचं पुस्तक वाटतं.

आणि चित्रं! कुडाळजवळ पिंगुळीची चित्रकथी माहीत असेलच, ठाकर समाजाची कला, एकेक चित्र पुढे धरून गोष्ट गाऊन सांगतात. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती यासाठीच. प्रकाशक मिळाला की तिथल्याच चित्रकारांकडून चित्रं करून घ्या, मानधन नीट देऊन आणि कव्हरवर नाव टाकून.

शेवंती_०७
खूप खूप आभार सगळ्यांचे. गावपळण नक्की घेतेय, मुंज्याशी दोस्ती पण. अळवंतिणीचं प्रकरण आधी लिहून भाचीला आणि तिच्या मैत्रिणींना वाचून दाखवते. वेंगुर्लेकर, मालवणी संवाद तपासून द्याल का? मेसेज करते.

वेंगुर्लेकर
धाडा, आईक पण वाचूक देतंय, तिचा मालवणी माझ्यापेक्षा चांगला.