स्टॅग बोलची फायनल सेलमलाच हवी

ओक_नेपरव्हिल
डिव्हिजन थ्री, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी. तिथे खेळासाठी कुणालाच शिष्यवृत्ती मिळत नाही. पोरं फी भरतात, अभ्यास सांभाळतात आणि वर अमेरिकन फुटबॉल खेळतात. या छोट्या कॉलेजांची फायनल म्हणजे स्टॅग बोल. १९९३ ते २०१७ अशी सलग २५ वर्षं ती व्हर्जिनियातल्या सेलममध्ये झाली. जेमतेम पंचवीस हजार वस्तीचं गाव, पण हा सामना त्यांनी घरचं कार्य असल्यासारखा सांभाळला. २००५ ते २०११ सलग सात वर्षं तिथे माउंट युनियन आणि व्हाइटवॉटर हेच दोन संघ समोरासमोर आले, तरी गावाचा उत्साह ओसरला नाही.

मग यजमानपद फिरायला लागलं: टेक्ससमधलं शेनंडोआ, ओहायोतलं कँटन, मेरीलँडमधलं अ‍ॅनापोलिस, २०२३ ला पुन्हा सेलम, आणि २०२४ च्या मोसमाची फायनल थेट ह्यूस्टनला, तीही ५ जानेवारीला.

२०२३ ला मी सेलमला होतो. आमच्या गावचं नॉर्थ सेंट्रल विरुद्ध न्यूयॉर्कचं कॉर्टलंड. अगदी शेवटी टचडाउन करून आम्ही एका गुणाने मागे, ३७-३८ वर आलो. टचडाउननंतर एका गुणाची किक मारली असती तर बरोबरी होती. कोचनी दोन गुणांसाठी जायचं ठरवलं. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. प्रयत्न फसला, कॉर्टलंड पहिल्यांदाच विजेते झाले. मैदान छोटं असल्यामुळे दोन्हीकडच्या पोरांचे चेहरे दिसत होते. हे ह्यूस्टनसारखं प्रो (व्यावसायिक) संघाच्या मोठ्या स्टेडियममध्ये होणे नाही.

कृष्णाकाठ
अजिबात पटलं नाही. तुम्ही प्रेक्षकाच्या खुर्चीतून बोलताय. यातल्या बहुतेक पोरांचा तो आयुष्यातला शेवटचा सामना असतो. तो प्रो संघ खेळतात त्या मैदानावर खेळायला मिळाला तर आपण का नाक मुरडायचं? शिवाय डिसेंबरच्या मध्यावर फायनल म्हणजे ऐन सेमिस्टर परीक्षेत. २०२३ ला सेमीफायनल ९ तारखेला आणि फायनल १५ ला. अभ्यास पहिला म्हणणाऱ्या डिव्हिजनला हे शोभतं का?

मीनल_क्लीव्हलंड
परीक्षेचा मुद्दा बरोबर आहे, पण जानेवारी हा त्यावरचा उपाय नाही. तेव्हा सुट्टी असते, होस्टेलं रिकामी असतात. संघाचा खर्च एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची संघटना करते. आईवडिलांचा आणि मित्रांचा कोण करणार? नाताळानंतरच्या विमानभाड्यात चौघांचं कुटुंब ह्यूस्टनला न्यायचं म्हणजे खिसा रिकामा. माझं मत कँटनला. फुटबॉलचं हॉल ऑफ फेम तिथेच आहे, आणि ओहायो, इलिनॉय, विस्कॉन्सिनच्या लोकांना गाडीने जाता येतं. फायनलला बहुतेक वेळा याच राज्यांतले संघ असतात.

ओक_नेपरव्हिल
मीनलताई, कँटनपासून माउंट युनियन अर्ध्या तासावर आहे! विसाहून जास्त फायनल खेळून १३ विजेतेपदं घेतलेल्या संघाला वर घरचं मैदान द्यायचं? आमची पोरं ते कधीच मान्य करणार नाहीत.

कृष्णाकाठ
मग याच न्यायाने ह्यूस्टन उत्तम, सगळ्यांनाच सारखं लांब. आणि निकाल बघा की: तिथेच तुमच्या नॉर्थ सेंट्रलने माउंट युनियनला ४१-२५ हरवलं.

ओक_नेपरव्हिल
जिंकलो, आनंदच आहे. पण माझ्या ओळखीतली कितीतरी माणसं ती फायनल टीव्हीवर बघत बसली. तो रविवार म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या साखळीचा शेवटचा दिवस, बाकीच्या देशाचं लक्ष तिकडे.

मीनल_क्लीव्हलंड
तारखेचं मूळ दुसरीकडे आहे. २०२४ पासून प्लेऑफमध्ये (बाद फेऱ्यांत) ३२ ऐवजी ४० संघ घेतात, म्हणून एक फेरी वाढली. त्या फेरीत फक्त १६ संघ खेळतात, बाकीचे २४ न खेळता थेट पुढच्या फेरीत जातात. मोसम एक आठवडा आधी सुरू केला तर फायनल नाताळाच्या आत बसते. जास्त कॉलेजांना संधी मिळाली हे चांगलंच झालं, ते काढून घ्या असं मी म्हणणार नाही. पण परीक्षा संपल्या-संपल्या, होस्टेलं रिकामी व्हायच्या आत सामना ठेवा. तेवढं झालं तर सेलमलाही माझी ना नाही.

कृष्णाकाठ
तारखेवर सहमत. मैदानावर नाही.