पावसाळ्यासाठी जनरेटरचं पेट्रोल साठवायचं कसं?

सुपारीबाग:
मंडळी, दापोली तालुक्यात घर आहे, २.५ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर आहे. २०२० च्या निसर्ग वादळानंतर इकडे लाईटचे काय हाल झाले ते कोकणातल्यांना सांगायला नको, तेव्हापासून मे महिन्यात २० लिटरचा प्लास्टिकचा कॅन भरून पडवीत ठेवतो. पण हल्ली गणपतीपर्यंत पेट्रोलला वार्निशसारखा वास येतो आणि मशीन चोक ओढून ठेवला तरच चालतं, सोडला की बंद. दरवर्षी कार्बोरेटर साफ करायचा खर्च. हे इ२० मुळे (२०% इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) होतंय का? महागातलं जास्त ऑक्टेनवालं भरू का? का थोडं रॉकेल मिसळू, एकजण म्हणाला टिकतं म्हणून.

पाना_नंबर_दहा:
रॉकेल अजिबात नको दादा. रॉकेलवर चालणारे जनरेटर वेगळे, तेसुद्धा पेट्रोलवर चालू करून गरम झाल्यावर रॉकेलवर घ्यायचे असतात. आणि ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त टिकतं असं काही नाही, या साध्या इंजिनला त्याचा उपयोग शून्य.
चोकवरच चालतंय म्हणजे कार्बोरेटरचा जेट, पेट्रोल जायचं बारीक भोक, चोंदलाय. पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राहतं ते त्या बारीक भोकात बसतं, हे इथेनॉल यायच्या आधीपण व्हायचं. इथेनॉलची भानगड वेगळी, ते पाणी ओढतं, आणि आपल्याकडे जुलैत अर्धा रिकामा कॅन, झाकण सैल, मग काय होणार. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्याबरोबर तळाला जाऊन बसतं. तळातलं थोडं काचेच्या बाटलीत काढून बघा, खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल कुठल्याच गाडीत घालू नका.
काम झालं की स्विचने बंद करायचं नाही, पेट्रोलचा कॉक बंद करा आणि मशीन आपोआप बंद पडू द्या, मग थंड झाल्यावर कार्बोरेटरच्या बाऊलखालचा (पेट्रोल साठतं ती वाटी) स्क्रू सैल करून उरलेलं काढा. एवढं केलंत तरी अर्धा त्रास गेला.

खाडीपट्टा:
कॅनबद्दल कोणी बोललंच नाही. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे विकायचं नसेल तर लायसन्सशिवाय ३० लिटरपर्यंत ठेवता येतं, पण घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या नाहीतर धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनीमाती असेल तर १ लिटर, धातूचं असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लास्टिक त्यात नाहीच. आणि पडवीत कशाला ठेवता, पलीकडेच चूल असते लोकांची! गोठ्यापलीकडे सावलीत ठेवा. जनरेटर पण पडवीत चालवत असाल तर बंद करा ते, धुरातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो आणि त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो.

वाडीतला:
मी २० लिटर एकदम ठेवतच नाही. ५-५ लिटरचे पत्र्याचे कॅन, वर मार्करने तारीख, महिना झाला की ते बाईकमध्ये आणि कॅनमध्ये ताजं. जनरेटर तासाला साधारण लिटरभर खातो, लाईट जायच्या रात्रीपुरतं पुरतं. फक्त ग्रासकटरचं टू-टी ऑइल घातलेलं पेट्रोल चुकून बाईकमध्ये नको. ते मिश्रण लागेल तेवढंच करा, पेट्रोल-ऑइल ५०:१ सांगितलं असेल तर लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४०, मशीनच्या पुस्तकात बघून.

पाना_नंबर_दहा:
वाडीतला बरोबर बोलतोय. टाकीचं पण तेच, पत्र्याची टाकी अर्धी ठेवली की आतून वरच्या रिकाम्या भागात गंज धरते, एकतर जवळजवळ भरलेली नाहीतर पूर्ण कोरडी.

सुपारीबाग:
बरं झालं विचारलं. जनरेटर तर आजच अंगणात शेडखाली काढतो, घरापासून लांब. आत्ता कॅनमध्ये ८-९ लिटर जुनं पडलंय त्याचं काय करू?

पाना_नंबर_दहा:
थर नसेल आणि वास ठीक असेल तर बाईकमध्ये ताज्याबरोबर थोडं थोडं घालून संपवा. वार्निशचा वास असेल तर ओळखीच्या गॅरेजवाल्याला द्या, पार्ट धुवायला घेतात. विहिरीच्या आसपास ओतू नका म्हणजे झालं.